काशला घरगुती पान्सियोनमध्ये (छोट्या गेस्टहाऊसमध्ये) राहिलंय का कुणी?

डोंबिवलीची पोर: सप्टेंबरात आईला घेऊन तुर्कस्तानात काशला जायचं म्हणतेय. हॉटेलं परवडेनात. आई शाकाहारी, त्यात गुडघेदुखी. खोली बंदराजवळ घ्यावी की वर?

गिरगावची मावशी: खालीच घे गं! गाव चढावर आहे, वरून समुद्र छान दिसतो पण रोज चढणार कोण? आणि खोली तळमजल्यावरच माग, लिफ्टची आशा नको. नाश्त्याला ऑलिव्ह, चीज, टोमॅटो, काकडी, मध, पाव; आईंचं भागेल. मेतकूट मात्र ने. बऱ्याच ठिकाणी पाणी छतावरच्या सौर बंबाचं, त्यामुळे आंघोळ संध्याकाळी. कमोडला पाण्याची तोटी असते, सुटलो बाई!

मालाडचा भटक्या: विमानाने दालामान, तिथून फेथिये गाव, मग तिथून काशला डोल्मुश, आपली शेअर जीपच. कापुताशचा किनारा देखणा, पण पावणेदोनशेच्या वर पायऱ्या. आईंना वरूनच दाखव. समोरचं मेइस बेट ग्रीसचं, तिथे जायला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) लागेल. तुमच्याकडे शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा व्हिसा किंवा रहिवासी परवाना आहे का? नसेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा (ऑनलाइन मिळणारा) मिळत नाही, रीतसर अर्ज करावा लागतो.

डोंबिवलीची पोर: आमचे पासपोर्ट कोरेच! मग आधी व्हिसा, खोली नंतर. मावशी, मेतकूट डब्यात की पिशवीत?