राउटरच्या पानावर 'सेव्ह' आणि 'अप्लाय' : मराठीत दोन वेगळे शब्द हवेत

परळकर
परळच्या आमच्या अभ्यासिकेतल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटर चालवणारी खुली प्रणाली, चढवलं आहे. त्याचं ब्राउझरमधलं पान, म्हणजे लुसी, जसंच्या तसं उघडून दिलं तर व्यवस्थापक काका त्यात हरवतात. म्हणून त्यांच्यासाठी एकच फॉर्म लिहितोय : वायफायचं नाव, पासवर्ड, केबलवाल्याने दिलेलं पीपीपीओईचं (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड, आणि खाली कोणत्या मोबाइल-लॅपटॉपला कोणता आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळखीचा आकडा) मिळालाय त्याची यादी. फॉर्म लिहिण्यात अडचण नाही. राउटरच्या सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत असतात. 'अमुक फाइल, तिच्यातला तमुक विभाग, त्यातला हा पर्याय' एवढं सांगितलं की लुसी रकाना स्वतःच काढतं, आणि कुणी भलताच आयपी टाकला तर तो लालही करतं. गाडी अडलीय बटणांवरच्या शब्दांपाशी.

मुळात तीन बटणं आहेत : सेव्ह अँड अप्लाय, सेव्ह, रीसेट. नुसतं सेव्ह दाबलं तर बदल राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत बाजूला राहतो. मूळ फायलीला हात लागत नाही, वायफाय जुन्याच पासवर्डवर चालू राहतं, आणि मध्ये वीज गेली तर बाजूला ठेवलेलं सगळं जातं. फाइल खरी बदलते ती अप्लाय झाल्यावर. मी सेव्हला 'जतन करा' आणि अप्लायला 'लागू करा' घातलं. काकांनी पासवर्ड बदलला, 'जतन करा' दाबलं आणि नवा पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवला. दिवसभर मुलं तक्रार करत होती की जोडलंच जात नाही.

पुढचं ऐका. सेव्ह दाबल्यावर पानाच्या माथ्यावर 'अनसेव्ह्ड चेंजेस' असं येतं. त्याचं 'जतन न केलेले बदल : १' झालं. काका म्हणाले, "अरे, आत्ताच तर जतन केलं. मग हे जतन न केलेलं कुठून आलं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तर सेव्ह, अप्लाय आणि अनसेव्ह्ड यांना असे शब्द सुचवा की वाचणाऱ्याला नेमकं काय घडलं आणि काय घडायचं बाकी आहे ते कळेल. जाता जाता : त्या यादीच्या डोक्यावर 'अ‍ॅक्टिव्ह डीएचसीपी लीजेस' असतं. (डीएचसीपी म्हणजे राउटरने आपोआप पत्ते वाटण्याची पद्धत, आणि लीज म्हणजे ठरावीक मुदतीने दिलेला पत्ता.) 'सक्रिय भाडेपट्टे' लिहिलं तर काकांनी विचारलं, "आपण जागा भाड्याने कधी दिली?" त्यालाही काही सुचलं तर सांगा.

वायरमन
घोळ इंग्रजीतच आहे, मराठीवर ढकलू नका. खालच्या थरात, म्हणजे कमांड टाइप करताना, बदल करण्याची पायरी वेगळी असते आणि तो पक्का करायला 'कमिट' ही वेगळी कमांड असते. पानावर आणताना पहिल्या पायरीला सेव्ह म्हटलं आणि दुसरी अप्लायमध्ये गुंडाळली, म्हणून 'सेव्ह करूनही अनसेव्ह्ड' असं दिसतं. तुमच्या फॉर्ममध्ये नुसतं सेव्ह हवंच कशाला? फॉर्मच्या कोडमध्ये हँडलसेव्हला नल, म्हणजे 'काहीच नाही', दिलं की ते बटण येतच नाही. पाच रकान्यांच्या फॉर्मला 'लागू करा' पुरे.

परळकर
बटण काढता येईल, पण प्रश्न माझ्या एका फॉर्मचा नाही. लुसीची भाषांतरं सगळ्यांसाठी एकत्र होतात, मराठीचीही फाइल त्यात आहे. तिथे 'सेव्ह' हा शब्द एकदा भाषांतरित केला की प्रत्येक पानावर तोच उमटतो. म्हणून तिथे टाकण्याआधी इथे विचारतोय.

शब्दवेडी
'मसुदा' का नको? 'मसुद्यात ठेवा', 'लागू करा' आणि वर 'मसुद्यातले बदल : १'. पत्राचा मसुदा टेबलावर आहे, पत्र अजून गेलेलं नाही, हे सांगायला हाच शब्द गावापासून मंत्रालयापर्यंत सगळे वापरतात. 'जतन' तर इथे पूर्ण चुकतं. आई दागिने जतन करते, गडकिल्ल्यांचं जतन होतं. जतन म्हणजे काळजी घेऊन टिकवणं, मुळात संस्कृत 'यत्न'. वीज गेली की उडून जाणाऱ्या गोष्टीला जतन म्हणायचं तरी कसं?

अनुस्वार
मसुदा अरबी आहे. 'प्रारूप' हा आपला शब्द आहे आणि सरकारी अधिसूचनांत रुळलेला आहे. 'प्रारूप मतदार यादी' सगळ्यांनी वाचलेली असते. एकदा शब्द घडवायचाच आहे तर नीट घडवावा. 'दिनांक' आणि 'महापौर'सुद्धा कुणीतरी घडवलेच होते आणि आज ते कुणाला जड वाटत नाहीत.

शब्दवेडी
अनुस्वार, 'महापौर' रुळला कारण मुंबईला महापौर असतो आणि रोज पेपरात त्याचं नाव येतं. 'प्रारूपात ठेवा' हे बटण काकांच्या समोर येणार, तेही फोनच्या इवल्या पडद्यावर. मसुदा शिवकाळापासून मराठी दफ्तरात आहे. इतकी वर्षं घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत.

अनुस्वार
शिवकाळाचं नाव घेताय म्हणून सांगतो. त्याच काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला गेला. म्हणजे राज्यकर्त्यालाही हा प्रश्न महत्त्वाचा वाटला होता.

लालबागची
वाद वाचतेय. मला एक वेगळाच शब्द आठवला. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. सकाळी पाळीच्या वेळेला दारावर जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नसेल तर त्या दिवसापुरतं काम मिळायचं. 'कायम झाला' ही बातमी चाळीत पेढे वाटून सांगितली जायची. माझ्यासाठी तात्पुरतं आणि पक्कं यांतला फरक त्या दोन शब्दांत आहे. 'सेव्ह'ला काही म्हणा, पण जे फायलीत पक्कं होतं त्याला 'कायम करा' म्हणा. 'कायम न केलेले बदल : १' वाचून माझ्या आईलाही कळेल की अजून काहीतरी व्हायचं आहे.

परळकर
लालबागची, 'कायम न केलेले बदल' फारच चपखल आहे. बाजूला ठेवलेला बदल अक्षरशः बदलीवर असतो. बटणावर मात्र 'कायम करा' लिहिलं तर काका ते दाबायलाच घाबरतील. एकदा कायम केलं की परत बदलता येणार नाही असं त्यांना वाटेल.

वायरमन
आणि ते तसं कायम होतही नाही, हा मुद्दा सुटतोय. अप्लाय दाबल्यावर राउटर ९० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात तुमच्या ब्राउझरला राउटर पुन्हा सापडला तरच बदल टिकतो, नाहीतर सगळं आपोआप आधीसारखं होतं. समजा राउटरचाच पत्ता १९२.१६८.१.१ बदलून दुसरा टाकला, की ब्राउझर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो आणि बदल परत फिरतो. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण एक आकडा चुकला तर माणूस स्वतःच्या राउटरबाहेर कुलूपबंद होतो. ही परीक्षा नको असेल तर 'अप्लाय अनचेक्ड' वेगळं आहे. म्हणून 'लागू करा'सुद्धा जरा जास्तच ठाम आहे. कायदा लागू झाला म्हणजे झाला.

शब्दवेडी
मग 'लागू करून पाहा'! मराठीत 'पाहणे' जोडलं की प्रयत्न आणि परतीची वाट दोन्ही येतात. चाखून पाहा, घालून पाहा, विचारून पाहा. आणि अनचेक्डला सरळ 'लागू कराच'. यासाठी संस्कृतही नको आणि अरबीही नको, क्रियापदं पुरेशी आहेत.

अनुस्वार
'लागू कराच' हे बटणावर आदेशासारखं वाटतं. 'थेट अंमलबजावणी' म्हणा.

शब्दवेडी
अंमल अरबी आणि 'बजावणी' फारसी 'बजा'वरून, म्हणजे ठरलेल्या जागी आणून पुरं करणं. शुद्धीच्या बाजूने तुम्ही हा शब्द कसा सुचवलात?

अनुस्वार
बजावणे 'वाजवणे'तून आलं आहे असं आमचे मास्तर शिकवायचे. दवंडी पिटून हुकूम सांगायचा म्हणून बजावणे. 'बजावून सांगितलं' यात तोच भाव आहे.

शब्दवेडी
'समन्स बजावलं' यात ढोल कुठे आहे? 'कर्तव्य बजावलं' यात तर मुळीच नाही. तिथे पार पाडणं हाच अर्थ आहे.

नोंदणीकारकून
नमस्कार. दस्त नोंदणीत आयुष्य गेलं, म्हणून लीजबद्दल लिहितो. भाडेपट्टा आणि लीव्ह अँड लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लीज म्हणजे उपभोगाचा हक्क दुसऱ्याकडे जाणं. त्याच वर्षीच्या सुखाधिकार कायद्यात लायसन्स आहे. त्यात नुसती वापरायची परवानगी, जागेत हक्क उत्पन्न होत नाही. मुंबईत घरमालक भाडेपट्टा करायला धजावत नाहीत. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यापासूनची धास्ती आहे ती. म्हणून अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स. राउटर काही तासांपुरता पत्ता वापरू देतो, हक्क देत नाही. तेव्हा 'भाडेपट्टा' कायद्याने चूक आहे. अनुज्ञप्ती, म्हणजे लायसन्स, म्हणा.

वायरमन
साहेब, आदर ठेवून असहमत. डीएचसीपीचा नियम १९९७च्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात लिहिलेला आहे. मुदत दिली की तेवढ्या वेळात तोच पत्ता राउटर दुसऱ्याला देत नाही, फोन बंद असला, मुलगा घरी गेला तरी. ओपनडब्ल्यूआरटीत ही मुदत न बदलता १२ तास असते. अर्धी सरली की, म्हणजे ६ तासांनी, फोन त्याच राउटरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर नाही आलं तर साडेदहा तासांनी 'कुणीही द्या' म्हणून सगळीकडे विचारतो. मुदतीपुरता हक्क असतो, मालक मध्येच उठवू शकत नाही. हा तर भाडेपट्टाच झाला.

नोंदणीकारकून
मुदतीपुरता अनन्य ताबा असेल तर तुमचं म्हणणं ग्राह्य धरतो. लीज की लायसन्स हे ठरवताना ताबा कुणाकडे आहे हे न्यायालयंही बघतात. पण मग भाडं कुठे आहे?

चाळकरी_गिरगाव
भाडं राहू दे. त्या यादीखाली 'स्टॅटिक लीज' असतं ना? एका यंत्राला तोच पत्ता कायमचा बांधून द्यायचा. मी घरच्या प्रिंटरला असा दिलाय. त्याला गिरगावात शब्द आहे : पागडी, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जवळपास कायमची घेतलेली भाड्याची जागा. आमच्या आजोबांनी पागडीवर घेतलेली खोली आजही आमच्याकडे आहे, नावावर नसली तरी कुणी काढून घेत नाही. आणि १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी देण्याघेण्याला मान्यताही दिली आहे.

लालबागची
पागडी मुंबईबाहेर कळणार नाही. नागपूरच्या माणसाला ती डोक्यावर घालायची वाटेल. बसमध्ये लिहितात तसं 'राखीव पत्ते' लिहा. सगळीकडे कळेल.

चाळकरी_गिरगाव
राखीव जागेवर कुणी नसलं तर दुसरा बसतो हो, आणि मग उठवायला भांडण. प्रिंटर बंद असताना त्याचा पत्ता दुसरं कुणी घेत नाही. पागडीची खोली बंद असली तरी खोली आमचीच राहते.

शब्दवेडी
'इजारा' कुणालाच आठवला नाही? लीजला नेमका तोच शब्द होता. मुदतीने जमीन, जकात, घाट वापरायला देणं. आणि 'मक्ता'. आता मक्तेदारी म्हटलं की फक्त एकाधिकार डोक्यात येतो. शब्द वापरायचे सोडले की असे आक्रसतात.

अनुस्वार
दोन्ही अरबी. उलट 'पट्टा' संस्कृत 'पट्ट'वरून, ज्यावर राजाज्ञा कोरत तो. ताम्रपटातला पट. भाडं 'भाटक'वरून. 'भाडेपट्टा' हा या धाग्यातला सर्वांत शुद्ध शब्द आहे आणि तुम्ही सगळे मिळून तोच काढताय.

परळकर
शुद्ध आहे, पण काकांना त्यातून घर दिसतं, पत्ता दिसत नाही. मी सध्या 'मुदतीने दिलेले पत्ते' आणि शेवटच्या रकान्यावर 'उरलेली मुदत' असं लिहिलंय. 'जोडलेली उपकरणं' लिहिणार होतो. पण मुलगा फोन घेऊन निघून गेला तरी त्याची ओळ मुदत संपेपर्यंत यादीत राहते, म्हणजे ते खोटं ठरलं असतं.

सेव्ह आणि अप्लायचं मात्र अजून लोंबकळतंय. 'मसुद्यात ठेवा', 'लागू करून पाहा', आणि माथ्यावर 'कायम न केलेले बदल' असं तिघांचं एकत्र करू का? की एकाच पानावर मसुदा आणि कायम हे दोन वेगळे संसार होतील?

शब्दवेडी
होतील. मसुदा कायम होत नाही, मंजूर होतो. 'मंजूर न झालेले बदल' करा.

लालबागची
मंजूर कोण करणार? काका दाबणार आणि काकाच मंजूर करणार? मंजुरी म्हटलं की ते सचिवांच्या सहीची वाट बघतील. 'कायम'च ठेवा.

वायरमन
तिसऱ्या बटणाचं कुणी बोललंच नाही. इथलं रीसेट फक्त रकान्यात टाइप केलेलं पुसून आधीचं दाखवतं. राउटरच्या मागच्या रीसेट भोकात टाचणी घातली तर सगळं कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं. शब्द एक, परिणाम दोन. काका तेही दाबतील.

अनुस्वार
'पूर्ववत करा'.

वायरमन
ते ९० सेकंदांनी बदल परत फिरतो ना, त्याला लागेल. दोन ठिकाणी एकच शब्द टाकलात तर पुन्हा तेच होईल.

चाळकरी_गिरगाव
'टाइप केलेलं पुसा'?

अनुस्वार
टाइप मराठी आहे का?