गुरुजींचा थकवा : ध्यानशिबिर हवे की कामाची वजाबाकी?

द्विशिक्षकी : उन्हाळा-दिवाळीच्या सुट्ट्या मिळूनही शिक्षक थकत असतील, तर त्यांच्यासाठी ध्यानशिबिरे भरवावीत, असे काल येथे कोणी सुचवले आहे. आमच्या शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक आहेत. मंगळवारी चौथीला भागाकार शिकवत असताना पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा ‘तात्काळ’ कळवण्याचा निरोप आला. गोण्या मोजून परत येईपर्यंत फळ्यावरची बाकी तशीच राहिली होती आणि पहिलीतल्या दोघांची जुंपली होती. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे आम्हाला देता येतात. रोज माहिती भरायला लावणाऱ्या सरकारी पोर्टलांना मात्र कोणतेच कलम लागू होत नसावे. शिबिर झालेच, तर ध्यानस्थ गुरुजींचे छायाचित्रही दुपारी बाराच्या आत व्हॉट्सॲप गटावर टाकावे लागेल.

एक पालक : थकवा पोर्टलाने येतो की मोटारसायकलने? घरभाडे भत्ता घ्यायचा, मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहायचे नाही, रोज तालुक्याहून ये-जा करायची आणि वर दमल्याची तक्रार करायची! माझ्या मुलीचे गुरुजी चार वाजल्यापासून खिडकीतून एसटीची वाट पाहतात.

द्विशिक्षकी : आपल्या गावात भाड्याने मिळणारी एक खोली दाखवा, उद्या सामान आणतो. पहिली दोन वर्षे मी खताच्या गोदामाशेजारी काढली आहेत. पत्नीची नोकरी दुसऱ्या तालुक्यात आहे, हा माझा गुन्हा असेल तर तो कबूल आहे. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव कसा मिळतो, हे आपल्यालाही ठाऊक असेल.

एक पालक : म्हणजे ठराव खोटा असतो, हे आपणच लिहून दिलेत. आभारी आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका : घरभाड्याचे भांडण क्षणभर बाजूला ठेवता येईल का? 2023 मध्ये मानधन 16000 होईपर्यंत प्राथमिकचा शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचा नवा शिक्षक, महिना 6000 रुपयांवर राबत होता. आमच्याकडचा एक जण शाळा सुटल्यावर कांद्याच्या गाड्या भरायला जाई आणि सकाळी परिपाठाला उभ्यानेच पेंगे. त्याला कोणते ध्यान शिकवणार होतात? मात्र द्विशिक्षकी, पोर्टल नसतानाही वर्ग वाऱ्यावर सोडणारे सहकारी मी पाहिले आहेत, तेव्हा सगळे खापर तांदळावर फोडू नका.

द्विशिक्षकी : ते नाकारत नाही. पण आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, दहा-बारा शाळांमागे माहिती भरणारा एक माणूस नेमला, तरी माझा भागाकार पूर्ण होईल.

एक पालक : ही मागणी रास्त आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तो माणूस मुख्यालयी राहणार का, एवढे आधी विचारून घ्या.