परदेशी आणि इथल्या उच्चशिक्षणाच्या अर्जात झालेल्या चुका: पुढे काय केलंत?

डिसेंबर आला की एमएस-पीएचडीचे अर्ज भरणाऱ्या घरांत कुणाला धड झोप नसते. माझ्या भाचीने एसओपी (काय शिकायचंय आणि का, हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध) अपलोड करून अर्ज सबमिट केला आणि मग तिच्या लक्षात आलं, की शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलंय. पोरगी नीट जेवतही नाहीये. 'काळजी करू नकोस' हे आम्ही सगळ्यांनी सांगून झालं. तुमच्या घरात असं काही घडलं असेल, तर ते कसं निस्तरलंत ते लिहा.

अबोली
मी अमेरिकेत शिकवते, विभागाच्या प्रवेश समितीवर काम केलंय. दुसऱ्या विद्यापीठाचं नाव राहिलेले एसओपी दर वर्षी येतात. कुणाच्या कपाळावर आठी पडतेही, पण तेवढ्यावरून अर्ज बाजूला पडलेला मी पाहिला नाही. आम्ही ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा उतारा), शिफारसपत्रं आणि मुलाला नेमकं कशावर काम करायचंय ते बघतो. खरं नुकसान वेगळ्याच गोष्टीने होतं: 'अमुक प्राध्यापकांकडे काम करायचंय' असं लिहिलेलं असतं आणि ते प्राध्यापक कधीच सोडून गेलेले असतात. विभागाचं पान ताजं उघडून बघितलं नाही, हे तिथे कळतं.
भाचीला सांगा, ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला, म्हणजे विभागात अर्जांचं काम बघणाऱ्या व्यक्तीला, आजच मेल कर. अर्जाचा क्रमांक, चूक काय झाली ते एका वाक्यात आणि सोबत दुरुस्त पीडीएफ. लांबलचक माफी नको.

पाऊलवाट
भावाची गोष्ट. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असतं. त्याने अर्ज मार्कशीट समोर ठेवून भरला आणि आडनावाच्या रकान्यात आईचं नाव गेलं. जीआरईचं (परदेशी प्रवेशासाठीच्या परीक्षेचं) खातं मात्र पासपोर्टप्रमाणे. स्कोअर विद्यापीठात पोचला, पण अर्जाला जोडलाच जाईना. पोर्टलवर 'मिळालेला नाही' असंच दिसत राहिलं. शेवटी जीआरईचा रजिस्ट्रेशन नंबर, जन्मतारीख आणि पासपोर्टचं पान पाठवल्यावर तिथल्या बाईंनी हाताने जोडून दिला. सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, अगदी शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही तेच कळवा.

कृष्णाकाठ
आमचं प्रकरण इथलंच, आणि ते निस्तरलं नाही. मुलीला एमएस्सीसाठी केंद्रीय संस्थेत जायचं होतं, ओबीसीतून अर्ज. नॉन-क्रिमीलेयर दाखला घरात होता, तीन वर्षांचा, मुदत शिल्लक. आम्ही निर्धास्त. पडताळणीत कळलं, की राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. शिवाय जात केंद्राच्या यादीत असावी लागते; ती होती. हमीपत्रावर थोडी मुदत मिळाली, पण सेतू केंद्र, तलाठी, तहसील असं करत दाखला हातात येईपर्यंत ती फेरी निघून गेली होती. मुलगी गुणांत कुठेही कमी नव्हती, म्हणून अजून लागतं. ज्यांच्या घरात असे अर्ज आहेत त्यांनी एप्रिल लागताच दाखल्याच्या मागे लागा, निकालाची वाट बघू नका.

दूरगाव
मैत्रिणीने १५ डिसेंबरची रात्र उलटली म्हणून अर्ज अर्धवट सोडून दिला. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने रात्री ११:५९ ची होती, म्हणजे आपल्याकडे १६ तारखेच्या सकाळचे १०:२९. फी भरून फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

उंबरठा
चूक समोरूनही होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये कार्नेगी मेलनने संगणकशास्त्राच्या एमएससाठी सुमारे ८०० जणांना प्रवेश मिळाल्याचे मेल पाठवले आणि काही तासांत मागे घेतले. तोवर लोकांनी घरी सांगूनही टाकलं होतं. त्या मुलांचं काय झालं असेल, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

धागाकर्ती
अबोली, मेल पाठवला. दुरुस्त फाइल अर्जाला जोडली, असं उत्तरही आलं. आता तिला दुसरी धास्ती: १० पैकी असलेला सीजीपीए (सगळ्या सत्रांची गुणांची सरासरी) तिने स्वतःच गुणाकार करून ४ पैकी लिहिलाय.

अबोली
त्या अर्जाच्या सूचना आधी नीट वाचा. बहुतेक ठिकाणी मार्कशीटवर आहे तसाच आकडा आणि 'पैकी १०' असं मागतात, रूपांतर ते स्वतः करतात. तसं असेल तर त्याच मेलखाली मूळ आकडा कळवा, नवीन मेल नको.