मदत हवी आहे: मांजराची आईविना राहिलेली तीन पिल्ले

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, सुताच्या पोत्यांमागे, परवा सकाळी मांजराची तीन पिल्ले सापडली; आई आदल्या रात्री गाडीखाली सापडून मेल्याचे कामगारांनी सांगितले. पिल्लांचे डोळे मिटलेले असून एकाच्या बेंबीला वाळलेली नाळ अजून चिकटलेली आहे, त्यावरून ती तीन-चार दिवसांची असावीत.

गाईच्या दुधाने जुलाब लागतात हे ठाऊक असल्यामुळे मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणली असून, दर दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लाला पालथे धरून सुई काढलेल्या सिरिंजने थेंबथेंब पाजतो. नंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसले की लघवी होते. (हेही आईच करते, हे मला परवापर्यंत माहीत नव्हते.)

खरी काळजी तिसऱ्या पिल्लाची आहे. इतर दोघांचे वजन दोन दिवसांत १०५ ग्रॅमवरून १२५ ग्रॅमच्या आसपास गेले, हे मात्र ८८ ग्रॅमवरच अडले आहे. ते नीट चोखत नाही आणि काल दूध त्याच्या नाकातून बाहेर आले. अंग गार असताना दूध पचत नाही, म्हणून चादरीत गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून आधी ऊब देतो. पण दुपारी पत्र्याखाली भट्टी पेटते, तेव्हा बाटली काढावी का?

अशा अशक्त पिल्लाला एका वेळी किती पाजावे आणि नाकातून दूध आल्यावर तातडीने काय करावे, हे अनुभवींनी कृपया सांगावे. शहरात कोणाकडे नुकतीच व्यालेली मांजर असून ती परकी पिल्ले जवळ घेत असेल, तर मी आजच तिन्ही घेऊन येईन. पशुवैद्यांची वेळ उद्या सकाळची मिळाली आहे. प्रश्न आजच्या रात्रीचा आहे.