तोंडी वाटपावरचे निवाडे कसे शोधू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटपाच्या दाव्यात मी मुलीची वकील म्हणून उभी आहे. तिचे भाऊ म्हणतात, १९९८ मध्येच तोंडी वाटप झालं. पुरावा एकच फेरफार (महसूल दप्तरातली मालकीबदलाची नोंद), त्यावर बहिणीची सहीच नाही.

मुलींच्या वडिलोपार्जित हक्कावरचा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निवाडा (११ ऑगस्ट २०२०) म्हणतो की तोंडी वाटप अपवादानेच ग्राह्य, तेही सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल तर. पण नुसता फेरफार पुरतो का? यावर मुंबई उच्च न्यायालयाचे त्यानंतरचे निवाडे हवेत.

इंडियन कानून या निवाडे शोधायच्या साइटवर ‘ओरल पार्टिशन’ (तोंडी वाटप) अवतरणचिन्हांत टाकलं, ‘म्युटेशन’ (फेरफार) एएनडीडीने (दोन डी, कॅपिटल) जोडलं, तारीखही दिली. तरी विनीता शर्माचा नुसता उल्लेख करणारे निकालच जास्त येतात. काल रात्री दीडपर्यंत वाचले, कामाचे दोनच निघाले.

एससीसी ऑनलाइन किंवा मनुपत्र हे निवाड्यांचे डेटाबेस वापरणारे हेडनोटमध्ये (निवाड्याच्या सुरुवातीच्या सारांशात) शोधता, की मूळ निवाडा उद्धृत करणाऱ्यांच्या यादीतून जाता? आणि सापडलेला निवाडा पुढे फिरवला गेला नाही ना, हे कसं तपासता? विनीता शर्मानेच फिरवलेल्या प्रकाश विरुद्ध फुलवती निवाड्याचा दाखला अजूनही दिलेला पाहिलाय, म्हणून धास्ती वाटते. युक्तिवाद येत्या गुरुवारी आहे.