संघाची फेरबांधणी: आधी विक्री की आधी खरेदी?

गोलखांब
इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या आर्सेनल या फुटबॉल क्लबने डिसेंबर २०१९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आर्टेटाला आणलं, पण विजेतेपदाच्या शर्यतीत यायला २०२२-२३ उजाडलं. मधे दोनदा आठवा आणि एकदा पाचवा क्रमांक. लिव्हरपूलने २०२३ च्या एकाच उन्हाळ्यात मधली फळी बदलली, पाचव्यावरून तिसऱ्यावर आले आणि २०२४-२५ मध्ये लीग जिंकली. एवढा फरक का? स्क्वॉड (खेळाडूंचा ताफा) नव्याने उभा करायचा तर पहिलं पाऊल कोणतं?

डावाबॅक
लिव्हरपूलच्या घराची एकच भिंत ओली होती. फाबिन्यो, हेंडरसन, मिल्नर, केइता, चेंबरलेन गेले. मॅकअ‍ॅलिस्टर, सोबोस्लाई, एन्डो, ग्राव्हेनबर्ख आले. अ‍ॅलिसन, व्हॅन डाइक, रॉबर्टसन, सलाह जागेवरच होते. आर्सेनलला पाया खणावा लागला.

पहिलं पाऊल म्हणजे एक तक्ता. प्रत्येक खेळाडूसमोर लिहा: पुढच्या हंगामाअखेरचं वय, करार संपण्याचं वर्ष, पगार, आणि लीगच्या ३४२० मिनिटांपैकी (३८ सामने) तो किती खेळला. मग दोन गोष्टींवर लाल खूण करा. एक, तिशी ओलांडलेले दोन-तीन खेळाडू एकाच जागी. दोन, करार दोन वर्षांत संपणारे. २४ महिने उरले की ठरवायचंच: नवा करार की विक्री. १२ महिन्यांवर आलं की गिऱ्हाईक थांबून राहतं आणि भाव पडतो. शेवटच्या सहा महिन्यांत तर खेळाडू परदेशी क्लबशी आगाऊ करार करू शकतो, हातात काहीच येत नाही.

लिव्हरपूल इथेच अडखळलं. सलाह, व्हॅन डाइक आणि अलेक्झांडर-आर्नोल्ड तिघांचेही करार जून २०२५ ला संपत होते. पहिले दोघे एप्रिलमध्ये नवा करार करून राहिले, तिसरा रेआल माद्रिदला गेला आणि क्लबला त्याच्या खऱ्या मोलाच्या मानाने किरकोळ रक्कम मिळाली. उलट आर्सेनलने फेब्रुवारी ते जुलै २०२३ मध्ये मार्तिनेली, साका, सलिबा या तिघांना नव्या करारांनी बांधून घेतलं. माझ्या मते त्याच उन्हाळ्यातल्या मिडफिल्डर डेक्लन राइसच्या खरेदीइतकंच ते मोलाचं काम होतं.

ताळेबंद
आधी विक्री, हेच उत्तर. फक्त त्यामागचा हिशेब कळायला हवा.

सहा कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वह्यांमध्ये दरवर्षी १.२ कोटी खर्च पडतो. तीन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत २.४ कोटी उरते. त्याहून कमी भावात विकला की तोटा. क्लबच्या स्वतःच्या अकादमीतून आलेल्याची पुस्तकी किंमत शून्य, म्हणून त्याची सगळी विक्री नफ्यात जाते; क्लब घरचीच पोरं विकायला का धावतात ते यात आहे. प्रीमियर लीगच्या नियमात तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांच्या तोट्याची मर्यादा होती, त्यामुळे असा नफा फार मोहाचा. पण त्यात फेरबांधणीचा कणाच विकला जातो. साका अकादमीचाच आहे, हे विसरू नका.

न विकला जाणारा, मोठ्या पगाराचा खेळाडू ही सर्वांत अवघड गाठ. आर्सेनलने ओझिल, मुस्ताफी, सोक्रातिस यांना करार संपायच्या आत, जानेवारी २०२१ च्या आसपास मोकळं केलं, पुढच्या वर्षी कोलाशिनात्स आणि ओबामेयांगलाही. उरलेली पुस्तकी किंमत एकदम तोट्यात टाकावी लागते. दुखतं, पण पगाराची जागा मोकळी होते आणि ड्रेसिंग रूमही. चांगले बदली खेळाडू त्यानंतरच मागता येतात.

गोलखांब
समजलं. मग एका विंडोत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठराविक काळात) किती नवे घ्यावेत? २०२१ मध्ये आर्सेनलने सहा घेतले आणि पहिले तिन्ही सामने हरले, गोल ०-९.

डावाबॅक
त्या पराभवांचा दोष सहा जणांना देऊ नका. लीग १३ ऑगस्टला सुरू झाली. रॅम्सडेल आणि ओडेगार्ड २० ला आले, टोमियासू ३१ ला. रॅम्सडेल आणि टोमियासू लीगमध्ये नॉर्विचविरुद्ध, चौथ्या सामन्यात पहिल्यांदा उतरले, आणि तो सामना १-० जिंकला. चूक संख्येची नव्हती, उशिराची होती. सगळे २३ किंवा त्याखालचे, हे निवडीचं सूत्र मात्र अचूक ठरलं.

तरी सुरुवातीच्या अकरांत एका उन्हाळ्यात तीन-चार बदल पुरे, आणि तेही शक्यतो एकमेकांना लागून असलेल्या जागांवर नकोत. नवा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) असेल तर त्याच्या शेजारचा जुना ठेवा.

राखीव१२
संख्येची दुसरी अडचण नोंदणीची. प्रीमियर लीगच्या यादीत २५ जण, त्यांत स्थानिक घडणीचे (तरुणपणी इंग्लंड-वेल्सच्या क्लबांत तयार झालेले) नसलेले जास्तीत जास्त १७. २१ वर्षांखालचे या यादीत धरत नाहीत. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंची रांग लावली, पण चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीसाठी नवे तीनच नोंदवता येत होते. एन्झो फर्नांडेझ, मुद्रिक, जोआओ फेलिक्स आत आले, बादियाशिल बाहेर राहिला. त्या हंगामात तीन प्रशिक्षक झाले आणि क्रमांक बारावा.

म्हणून विकत घेण्याआधी यादी लिहून काढा: प्रत्येक जागेला दोन नावं, २० मैदानी खेळाडू आणि ३ गोलरक्षक. नवा आला की कोणाचं नाव खोडायचं ते त्याच दिवशी ठरवा. नाव खोडता येत नसेल तर खरेदी पुढच्या विंडोवर ढकला.