सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर', वय ११. तूप बंद करू का?

नाशिकची_आई: मुलाचं वजन ५८ किलो, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) ६४. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, खाणं-खेळणं बदला. सासूबाई म्हणतात, "उंची वाढली की झडेल." लिव्हर टॉनिक देऊ का?

कऱ्हाडकर: तुपाला कशाला धरताय? आधी साखर बघा. आमच्या लेकीचं निघालं तेव्हा घरात मँगो ड्रिंक, दुधात चॉकलेट पावडर, चहाबरोबर खारी-बिस्किटं. साखरेतल्या फ्रुक्टोजची चरबी लिव्हरमध्येच बनते. अमेरिकेत ११ ते १६ वयाच्या ४० मुलांवरचा २०१९ चा अभ्यास आहे: वरची साखर आठ आठवडे जवळपास बंद, तर लिव्हरमधली चरबी सरासरी २५ वरून १७ टक्क्यांवर. आणि आहार अख्ख्या घराचा बदलला होता, एकट्या पोराचा नाही! त्याला भाकरी अन् बाकीच्यांना श्रीखंड, हे चालत नाही.

डबेवाली_ताई: सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. वाढत्या वयात वजन आहे तिथंच थांबलं आणि उंची वाढली तरी फायदा होतो. पण आपोआप झडत नाही हो. मान काळवंडलीय का? असेल तर साखरेची तपासणीही विचारा. टॉनिकवर पैसे घालवू नका. एसजीपीटी रिपोर्टवर ४० पर्यंत नॉर्मल छापतात, मुलग्यांत २६ च्या वर गेलं तरी डॉक्टर लक्ष देतात. कावीळ, विल्सन (लिव्हरमध्ये तांबं साठण्याचा आजार) वगैरे तपासलंय ना?

नाशिकची_आई: मान काळी आहे, मी मळ समजून घासत होते. विल्सनचं सोमवारी विचारते. श्रीखंडाचं मात्र सासऱ्यांना तुम्हीच सांगा!